माद्दालेनच्या फाटकाची खिट्टी

भाता सावकाश, इत्झियार.
जाळाला घाई झाली की तो लोखंड खातो.
पांढऱ्या फुलबाज्या उडाल्या म्हणजे सळई गेली, समज.
खिडकीवर गोणपाट ओढ,
उन्हात रंग खोटं बोलतात.
चेरीचा लाल अजून नको.
संत्र्याच्या सालीवर आली की काढ,
आणि काळी पडायच्या आत हात थांबव.
काळ्या लोखंडावरचा घाव आज दिसत नाही,
थंडीत चीर होऊन दिसतो.

हातोडा आवळू नकोस.
ऐरणीवरून तो आपला आपण उठतो,
तू फक्त कुठे पडायचं ते सांग.

आता हे काम.
परवा माद्दालेन डोंगरावरून उतरून आली,
ओल्या पिशवीत लोखंडाचा एक तुकडा.
फाटक पुरात गेलं, खिट्टीची जीभ त्याच्यासकट;
खांब उरला, आणि खांबावरचा हा आकडा, चिरलेला.
म्हणाली, फुलं नकोत, पीळ नको,
मेंढ्याच्या शिंगांची तुझी वेटोळी तर नकोतच.
आवाज तेवढा तोच हवा.

मापं मी घेतली होती.
फाटक पुन्हा चेस्टनटचंच, त्या लाकडात आंबट रस असतो,
उघडं लोखंड लागलं की पावसात काळी शाई गळते.
म्हणून कोमट असतानाच मधमाशीचं मेण,
दोनदा, आणि मागच्या बाजूलाही;
मागची बाजू सगळेच विसरतात.
हे वहीत लिहून ठेवता येतं.
आवाजाला फूटपट्टी कुठून आणू?

तीन केल्या.
पहिली पातळ, चमच्यासारखी वाजली.
दुसरीची खाच कानशीने इतकी गुळगुळीत केली
की आवाजच गिळला तिने.
तिसरी सुरेख. घंटा.
तिचा कुत्रा बेल्त्स उंबऱ्यावर लोळत होता,
कान हलला नाही त्याचा.
"फेर्मिन आला की दोनदा वाजायची," माद्दालेन म्हणाली,
"आधी खट्. मग मागून बारीकसं किरकिर,
जसं काही सांगायचं राहून गेलंय."

मला माहीत होतं गं.
तुकडा पिशवीतून निघाला तेव्हाच.
उलटून बघायचं टाळत होतो, एवढंच.
पाठीवर माझा ठसा, वाकडा, पहिल्या वर्षाचा.
एकोणीस वर्षांचा होतो. उस्ताद बाजाराला गेलेले.
रिव्हेट निवल्यावर ठोकला;
डोकं बसलं, मान भोकात हलत राहिली.
लाल असता तर आकसताना स्वतःच धरून बसला असता.
तसाच दिला. पैसे घेतले,
त्या रात्री सफरचंदाची दारू प्यायलो,
आणि चव्वेचाळीस वर्षं त्या फाटकासमोरून
नदीकडे तोंड करून गेलो.

तर ऐक, हे उद्या दुसऱ्या कुणासाठी करायचं नाही.
भोक दोन्ही बाजूंनी पाड,
दर तिसऱ्या घावाला पोगर पाण्यात.
रिव्हेट भोकापेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक.
तापव. घाल. आता... नाही, थांब.
लाल नको. जाऊ दे लाली.
तुझा हात शिवशिवतोय, दिसतंय मला,
तुला मीच शिकवलंय तसं.
काळवंडू दे.

तीन घाव.
चौथा गिळ.

हलवून बघ.
अजून थोडं सैल.
बस्.

ठसा मागे मार, माझ्याशेजारी तुझाही.
उद्या वर जाऊन तूच बसव,
माझे गुडघे काही त्या चढाचे नाहीत,
मी पुलावर थांबतो.
फाटक लावताना आधी कुत्र्याकडे बघ, मग बाईकडे.
तो उठला, तर पैसे मागू नकोस.
नाही उठला
तर जुना आकडा तिच्याकडून परत माग;
माझी आणखी एखादी चूक
त्यात असेल अजून.